बारा मिलिसेकंद

डाळीचा दाणा उतरणीवरून सुटला
की कॅमेऱ्यापासून हवेच्या तोटीपर्यंत
अंतर दोन बोटांचं.
बारा मिलिसेकंद.
तेवढ्यात पाहायचं, ठरवायचं, फुंकायचं.
तेराव्याला आलेलं उत्तर बरोबर असलं तरी चूक,
कारण काळा दाणा तोवर खाली गेलेला असतो
आणि फुंकर बसते मागून येणाऱ्या
पिवळ्या, निरपराध दाण्याला.

हे मी एका चिपला शिकवलंय.
नखाएवढी. चाळीस रुपयांनी महाग पडली
म्हणून शेठ आठवडाभर कुरकुरले.
तिला डोकं एकच, एका वेळी काम एकच,
पण इतक्या भरभर हात बदलते
की वाटावं, तिघी राबतायत.

जळगाव, एमआयडीसी, रात्रीचा दीड.
कॉम्प्रेसर धापा टाकतोय,
चारशे तोट्या लाह्या फुटाव्यात तशा
टक्, टक्टक्, टक्.
अकरावी रात्र.
रोज कधीतरी क्षणभर सगळ्या गप्प होतात
आणि मूठभर काळं
चांगल्या पोत्यात उतरतं.
डिबगर जोडून बसले तर चूक येतच नाही,
दिवा लावल्यावर झुरळ पळावं तशी.

इथं निवडायला चाळीस बायका बसायच्या. आता दोघी.
केवळबाई पोत्यात हात घालते, तळवा उघडते,
न बघताच अंगठ्यानं एक दाणा बाजूला सारते.
"हाऊ देख, माय."
माझ्या स्कोपवर तेव्हा
सगळ्या रेघा सरळ.

कामं तीन.
पहिलं फुंकरीचं, मानानं सगळ्यांत थोरलं.
तिसरं पडद्यावर तापमान लिहिणारं,
सगळ्यांच्या शेवटी जेवणारं.
दोघांत वायर एक, म्हणून कुलूप एक, किल्ली एक.
आणि मधलं पोती मोजून
शेठच्या मोबाइलवर आकडा धाडणारं.
त्याला किल्ली लागतच नाही.

तर तिसऱ्यानं किल्ली घेतली,
दोन आकडे लिहून परत ठेवणारच होतं,
इतक्यात शेठनं घरी कूस बदलून मोबाइल उघडला.
मधलं उठलं. तिसऱ्याहून मोठं ते,
त्याला सारून बोलत बसलं.
पहिलं दाराशी उभं,
सगळ्यांत घाईचं,
सगळ्यांत धाकट्याच्या खिशातल्या किल्लीसाठी खोळंबलेलं.
नियम कुणीच मोडला नव्हता.

हे मी वाचलं नव्हतं असं नाही.
परीक्षेत लिहून आले होते, सात मार्कांना.
दिसलं मात्र पहाटे, लोडिंगला.
ट्रक घरघरत उभा, ड्रायव्हरच्या तोंडी शिव्या,
मिलमध्ये दाभण एकच, ते सुपडूच्या हातात,
शेवटच्या पोत्याचे चार टाके राहिलेले,
आणि मुनीमजी म्हणाले, आधी चहा सांगून ये.
सुपडू उठला. दाभण टोपीत खोचलं.
केवळबाई कडाडली:
"ज्याना हातमा दाभन
त्याले कोनी आवाज दिऊ नका!
ट्रकवाला समजा त्याले आते."

चार टाके. ट्रक गेला.

मी एक ओळ बदलली.
किल्ली हातात आहे आणि थोरला दाराशी आहे
तोवर धाकट्याला थोरल्याचा मान,
किल्ली ठेवली की पुन्हा आपल्या जागी.
(सुपडूला चहा सांगायला
शेवटी जावंच लागलं.)

नऊला शेठना दहा वेळा मोबाइल उघडायला लावला.
अकराव्यांदा त्यांनी विचारलं, काही बिघडलंय का?
तोट्या थांबल्या नाहीत.

केवळबाईनं पोत्यात हात घातला.
तळवा उघडला. अंगठा फिरला,
फिरला, थांबला.
"हाऊ?"
एकच दाणा. काळा नव्हे, तांबूस,
कॅमेऱ्याला चालला असता, मलाही.
तिनं तो दाढेखाली धरला,
चावला,
आणि काय निघालं ते सांगितलं नाही.